पार्श्वभूमी : बहलाचा किल्ला आणि 'धोक्यातील वारसा' यादीतली 16 वर्षे

ओमानचे किल्ले म्हटले की आधी मस्कतचे जलाली आणि मीराणी आठवतात. गोव्याहून चालणाऱ्या पोर्तुगीज कारभारात 1580च्या दशकात ते आजच्या रूपाला आले आणि 1650 मध्ये ओमानींनी मस्कत घेतले, तेव्हा हातचे गेले. ते दगडी आहेत, त्यामुळे पावसाने त्यांचे फारसे बिघडत नाही. डागडुजीचे वाद पेटले ते देशाच्या आतल्या डोंगराळ भागातल्या मातीच्या किल्ल्यांवरून, त्यातही बहलावरून.

बहला हे नभानी या ओमानी घराण्याच्या सत्तेचे ठाणे. 12व्या ते 15व्या शतकाच्या अखेरपर्यंतचे. जोते दगडी, त्यावर कच्च्या विटांच्या भिंती आणि बुरूज, आणि गाव-बागांसह सगळ्या ओॲसिसला वेढणारा सुमारे 12 किलोमीटरचा तट. 1987 मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. ओमानमधले हे पहिलेच स्थळ. किल्ल्याची कधीच दुरुस्ती झालेली नव्हती आणि नोंद करताना हाच त्याचा अस्सलपणा मानला गेला. पण पावसाच्या पाण्याचा निचरा धड नव्हता, त्यामुळे प्रत्येक मोठ्या सरीनंतर काही ना काही ढासळत होते. पुढच्याच वर्षी, 1988 मध्ये, त्याचे नाव 'धोक्यातील' यादीत चढले.

मातीची भिंत वरून आणि खालून, दोन्हीकडून मरते. धाब्याची पन्हळ तुंबली की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरते. जमिनीतली ओल केशाकर्षणाने वर चढते, सोबत क्षार आणते. ओल सुकते तिथे क्षारांचे स्फटिक फुगतात, लोणा धरतो आणि भिंतीचा तळ आतून पोखरला जातो. वरचा भार तसाच राहतो, म्हणून एक दिवस अख्खा पट्टा बाहेर झुकतो.

अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की पहिली दोन-तीन वर्षे ती झकास दिसते. पण सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही आणि मातीबरोबर फुगत-आकसतही नाही. मागे पाणी साठते आणि शेवटी गिलाव्याचा पापुद्रा मातीचा थर सोबत घेऊनच सुटतो. बहलातल्या सुरुवातीच्या कामांवर अयोग्य साहित्य आणि पद्धतींचा ठपका आला, तो याच जातीचा. वाचवायला निघालेल्यांनीच नुकसान केले, असे म्हणणे कठोर वाटेल. पण ते फारसे चूक नाही.

1995 पासून बाहेरच्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन सुरू झाले आणि काम मातीवर परत आले. निचऱ्याची सोय, भिंतींचे मजबुतीकरण, नवी धाबी, उघड्या माथ्यांवर मातीचे थर. माती भिजवून, भुसा मिसळून काही दिवस मुरू द्यायची, तुडवायची, साच्यातून काढून उन्हात उलटसुलट वाळवायची, ही जुनीच रीत. भुसा कमी पडला की वीट सुकताना तडकते. पाण्याशी थेट संबंध येतो तिथे ओमानी कारागीर सरूज वापरतात : चिकणमातीचे गोळे खजुराच्या खोडांच्या थरांवर रचून भाजायचे, मग दळायचे. फलजचे, म्हणजे ओमानी सिंचनव्यवस्थेचे, पाट आणि हौद याच्यावरच टिकले.

2004 मध्ये नाव धोक्याच्या यादीतून उतरले. आक्षेप इथेही उरतोच : ढासळलेल्या भिंती पुन्हा उभारल्यावर 1987 मधला 'कधीच न दुरुस्त झालेला' किल्ला तो हाच का? उतरवण्याचा निर्णय एकंदरीत योग्य होता, कारण पर्याय मातीचा ढिगारा हाच होता. मात्र जुने बांधकाम कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, हे नव्या गिलाव्याखाली साध्या डोळ्यांना कळत नाही, ही खरी उणीव. यादीतून नाव उतरणे म्हणजे नेहमी सुटकाच असते असेही नाही : याच देशातले अरबी ओरिक्सचे (वाळवंटातल्या लांब शिंगांच्या हरणाचे) अभयारण्य 2007 मध्ये वारसा यादीतूनच वगळले गेले, आणि तसे वगळले गेलेले ते जगातले पहिले स्थळ.

जवळच्या निझवाच्या किल्ल्याची गोष्ट वेगळी. 17व्या शतकातला तो अवाढव्य गोल बुरूज दगडी आणि खालच्या अर्ध्या भागात भरीव, तोफांच्या काळासाठीच रचलेला. बहलाजवळच्याच जब्रीनच्या किल्ल्यातल्या रंगीत छतांच्या दुरुस्तीचे काम तर बहलाच्या नोंदीआधीच, 1983 पर्यंत उरकले होते.

बहला 2012 मध्ये लोकांसाठी खुला झाला. मातीचा गिलावा दर काही वर्षांनी नव्याने द्यावा लागतो आणि पन्हळी प्रत्येक पावसाआधी उपसाव्या लागतात. यात एकदा खंड पडला तरी 1988 मधले दुखणे नव्या भिंतींनाही लागते.