पार्श्वभूमी : रोगजंतू मँगेनीज का ओढून घेतात

शरीरातल्या भक्षक पेशी गिळलेल्या जिवाणूवर सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही ऑक्सिजनपासून बनलेली घातक रसायने सोडतात आणि जिवाणू पेरॉक्साइड मोडणाऱ्या कॅटलेजसारख्या विकरांनी (एन्झाइमांनी) त्यांना तोंड देतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. या झटापटीत धातूंची ने-आण करणाऱ्या वाहक प्रथिनांचा वाटा मात्र फार उशिरा ध्यानात आला. लोहाचे नाव सुरुवातीपासून घेतले जाई, तेही बदनाम म्हणून. लोहाचा क्षार आणि पेरॉक्साइड एकत्र आले की जहाल ऑक्सिडीकरण होते, हे रसायनशास्त्रात 1894 पासून नोंदलेले आहे.

मँगेनीजकडे लक्ष जायला उशीर झाला, तो माझ्या मते एका मोठ्या शोधामुळेच. 1969 मध्ये सुपरऑक्साइडचे पेरॉक्साइड करून टाकणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे काम उलगडले आणि वर्षभरात ई. कोलायमध्ये त्याचा मँगेनीजवर चालणारा प्रकार सापडला. तेव्हापासून मँगेनीजने जिवाणू वाचतो असे कुठे दिसले, की उत्तर तयार असे : विकराला धातू मिळतो, म्हणून. 1981 मध्येच याला छेद देणारा पुरावा आला होता. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरममध्ये हा विकर नसतो. तो पेशीत 20 मिलिमोलरहून जास्त मँगेनीज साठवतो आणि त्या साठ्याच्या जोरावर सुपरऑक्साइड निकामी करतो. पण हा जिवाणू रोगकारक नसल्याने त्याची गणना अपवादात झाली.

रोगजंतूंच्या बाबतीत खरा गुंता न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जिवाणूच्या एका प्रथिनाने केला. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याच्या एका लिपोप्रथिनाचे (चरबीच्या साखळीने पटलाला जखडलेल्या प्रथिनाचे) जनुक वाचले गेले. तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकसची तशीच प्रथिने चिकटण्याचे काम करतात, असे तेव्हा मानले जात होते. म्हणून यालाही 'सरफेस ॲडहेसिन' (पृष्ठभागावरचे चिकटणारे प्रथिन) ठरवून पीएसएए हे नाव मिळाले. 1996 मध्ये हे जनुक मोडलेले जिवाणू उंदरांना फारसे आजारी पाडू शकले नाहीत आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या फुप्फुसपेशींनाही कमी चिकटले. झाले, नाव पक्के झाले. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवले, की या जिवाणूंना वाढण्यासाठीच जास्तीचे मँगेनीज द्यावे लागते. त्या जनुकाला लागूनच एटीपी (पेशीचे ऊर्जा-इंधन) वापरणाऱ्या प्रथिनाचे आणि पटलातून वाट देणाऱ्या प्रथिनाचे जनुक होते. म्हणजे एबीसी वाहकाचा, पदार्थ पटलापार नेणाऱ्या यंत्रणेचा, अख्खा संच डोळ्यांसमोर होता.

1998 मध्ये पीएसएएची स्फटिकरचना आली. दोन पाळ्यांच्या मधल्या खाचेत धातू घट्ट बसलेला दिसला. तो धातू जस्त असावा असा अंदाज बांधला गेला आणि वाहक मँगेनीजचा की जस्ताचा, असा नवाच वाद उभा राहिला. ॲडहेसिनचा पक्षही मागे हटला नाही. नाक-घशातल्या पेशींवरचे ई-कॅडहेरिन हे प्रथिनच त्याचे चिकटण्याचे ठिकाण, असे पुढे मांडले गेले. विरोधकांचा आक्षेप साधा होता : सुमारे 7 नॅनोमीटर लांबीचे हे प्रथिन पटलाला खिळलेले, त्याच्यावर पेशीभित्तिका आणि तिच्याही वर कॅप्सूल हे शर्करेचे आवरण, ते बाहेरच्या पेशीला शिवणार कसे? मला हा आक्षेप निर्णायक वाटतो. मँगेनीजला मुकलेला जिवाणू इतक्या बाजूंनी लंगडा पडतो, की तो कमी चिकटला म्हणून वाहकालाच चिकटण्याचे श्रेय देता येत नाही. या नावामुळे काही मोलाची वर्षे वाहतुकीच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले, याची खंत वाटते.

2002 मध्ये पीएसएए नसलेले न्यूमोकोकस सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड या दोन्हींपुढे फार लवकर मरतात, असे दिसले. हे महत्त्वाचे, कारण डिसम्युटेज पेरॉक्साइड नष्ट करत नाही, उलट तयार करतो. केवळ त्या विकरावर बोट ठेवून हा परिणाम समजत नाही. शिवाय न्यूमोकोकसकडे कॅटलेज नसतो आणि तो स्वतःच मिलिमोलरच्या घरात पेरॉक्साइड सोडतो.

खुलासा ई. कोलायने केला. 2009 ते 2011 च्या कामातून असे चित्र उभे राहिले, की पेरॉक्साइड वाढताच ऑक्सिआर हा नियंत्रक मँगेनीजचा वाहक एमएनटीएच याचे उत्पादन वाढवतो. रिब्युलोज-5-फॉस्फेट एपिमरेजसारख्या विकरांत एरवी लोह बसते. पेरॉक्साइड नेमके त्या लोहावर घाव घालतो आणि विकर बंद पडतो. त्या जागी मँगेनीज बसले, की काम चालू राहते, कारण ते पेरॉक्साइडशी तशी अभिक्रिया करत नाही. लाइम रोगाच्या जिवाणूने तर लोहाची गरजच जवळपास सोडून दिली आहे, हे 2000 मध्येच कळले होते.

शरीराचे डावपेच याच सुमारास स्पष्ट झाले. एमएनटीएच ज्या कुळातला, त्याच कुळातले एनरॅम्प1 हे प्रथिन भक्षक पेशीत असते आणि फॅगोसोममधून (गिळलेला जिवाणू ज्या पिशवीत असतो तिच्यातून) धातू बाहेर काढते. त्याचे जनुक 1993 मध्ये उंदरात सापडले होते. एकाच घराण्याची प्रथिने दोन्ही बाजूंनी त्याच आयनासाठी ओढाताण करतात! 2008 मध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमधले कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन गळवातल्या स्टॅफिलोकोकसला मँगेनीज आणि जस्त मिळू देत नाही, हे दिसले. 2011 मध्ये पीएसएएच्या वादातला जस्ताचा भागही सुटला. जस्त त्या खाचेत इतके घट्ट अडकते, की सुटतच नाही. वाहतूक मँगेनीजचीच, जस्त तिचा रस्ता अडवते. अशा अडलेल्या जिवाणूंना न्यूट्रोफिल अधिक सहज मारतात.

मँगेनीज जितके जास्त तितके बरे, असेही नाही. न्यूमोकोकसमध्ये ते बाहेर फेकणारा एमएनटीई हा वाहक 2009 मध्ये ओळखला गेला. तो काढून टाकल्यावर जिवाणू ऑक्सिडीकरणाच्या ताणाला अधिक चिवटपणे टिकला, पण उंदरांत त्याची रोगकारकता घटली.