हद्द जागेची नको, पाणलोटाची द्या

वाळवंटी डोंगररांगांचे नकाशे करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

चौकशीसोबत केएमएल फाइल (नकाशावर आखलेल्या हद्दीची फाइल) येते आणि तिच्यात बहुतेक वेळा फक्त प्रकल्पाच्या जागेचा चौकोन असतो. जागेचे कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, त्यातून नीट निघतात, पण ओढ्यांचा हिशेब निघत नाही. जागेत येणारं पाणी पडतं ते चौकोनाबाहेर, वर माथ्यापर्यंतच्या उतारांवर. तो पाणलोटच मोजला नाही, तर ओढ्याला किती पाणी येईल हे कशावरून काढायचं? मग काम संपत आल्यावर हद्द वाढते. रस्ता नसलेल्या डोंगरात माणसं, ड्रोन, बॅटऱ्या, पिण्याचं पाणी घेऊन पुन्हा जावं लागतं, कंट्रोल पॉइंट (मोजणीसाठी जमिनीवर पक्के केलेले बिंदू) नव्याने मांडावे लागतात. आपला सर्वांत जास्त वेळ इथेच जातो.

‘तिथे पाऊसच पडत नाही’ असं अनेकजण म्हणतात. पडतो क्वचित, पण उघड्या खडकात पाणी मुरत नाही, अडवायला झाडोराही नसतो. डोक्यावर आभाळ निरभ्र असताना कोरड्या पात्रात लोंढा येतो, तो वरच्या डोंगरातल्या पावसाचा.

दुसरा नेहमीचा प्रश्न अवकाशातून घेतलेल्या, फुकट मिळणाऱ्या डेटाचा. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने जमिनीची उंची मोजणाऱ्या एसआरटीएम मोहिमेचा डेटा आम्हीही वापरतो. पाणलोटाची ढोबळ हद्द आखायला तो चांगला आहे. पण त्यातला एक चौकोन साधारण ३० मीटरचा. चार मीटर रुंद, कमरेइतकी खोल घळ त्यात दिसतच नाही. शिवाय डोंगरातून बाहेर पडलेला ओढा पंख्यासारख्या पसरलेल्या गाळावर फाटे फोडतो, तिथे साधं सॉफ्टवेअर एकच रेघ ओढतं. कोणता फाटा वाहता आणि कोणता सोडून दिलेला, हे आमची माणसं दगड बघून ठरवतात. हजारो वर्षं जागच्या जागी पडलेल्या दगडांवर काळपट चकाकी चढते. वाहत्या पात्रातले दगड फिकट राहतात.

सॉफ्टवेअरमधली खोलगट भाग भरून टाकायची सोयही आम्ही सरसकट वापरत नाही. वाळवंटातलं पाणी समुद्राला मिळेलच असं नाही, ते खोलग्यातच थांबू शकतं. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा तळ समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. असा खोलगा भरला की नकाशातले ओढे भलतीकडे वाहू लागतात. प्रत्येक खोलगा तपासल्यामुळे आमचा नकाशा थोडा उशिरा हाती पडतो, पण त्यावर पुलाची जागा ठरवता येते.

हद्द आखणं जमत नसेल, तर जागेचे अक्षांश-रेखांश पाठवा. पाणलोटाची कच्ची रेघ आम्ही कोटेशनसोबतच आखून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. उंची समुद्रसपाटीपासूनची हवी की थेट जीपीएसची (पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली), हेही तेव्हाच कळवा; दोन्हींत दहा-वीस मीटरचाही फरक पडू शकतो.