तो वाघ कोणी आणून सोडला नव्हता

पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, वाघाचा पंजा उमटला की आमच्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: "फारेस्टवाल्यांनी रात्री गाडीतून आणून सोडला." वर्षानुवर्षं ऐकतोय. भीती खरी आहे, पण सांगितलं जाणारं कारण चुकीचं आहे.

नर बछडा दीड-दोन वर्षांचा झाला की आईचा इलाखा सोडतो आणि स्वतःची जागा शोधत निघतो. हे अभ्यासकांनी वाघांच्या गळ्यात कॉलर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा पट्टा, लावून पाहिलंय. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला असाच एक तरुण वाघ निघाला, तेलंगणातही शिरला आणि शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला, बराचसा शेताशेतांतून, नाल्याच्या झुडपांतून. उपग्रहाकडून त्याच्या ठिकाणाचे ठिपके येत होते म्हणून कळलं. नाहीतर वाटेतल्या प्रत्येक गावाने म्हटलं असतं, सोडला!

वाघ कधीच हलवत नाहीत असंही नाही. २०२३ मध्ये दोन वाघिणी नागझिऱ्याच्या जंगलात सोडल्या, पण उघडपणे, कॉलर लावून.

म्हणून पंजा दिसला तर तो टोपल्याने झाका, वनरक्षकाला बोलवा आणि जागलीला, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीला, एकटे जाऊ नका. वाघ नाल्यानंच आला असेल, तर पुन्हा त्याच वाटेने येऊ शकतो.