सासूबाईंचं मोझॅइक आणि माझं मोझॅइक

"तुळशीवृंदावनाला मोझॅइक करायचंय," असं मी म्हणाले, तर सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, मग मिस्त्रीला बोलव. आणि घासायचं मशीन आलं की घरभर चिखल होतो, ते आधी लक्षात घे."

त्यांचं चूक नव्हतं. सोलापुरातल्या आमच्यासारख्या जुन्या घरांत मोझॅइक म्हणजे पायाखालची ठिपक्यांची फरशी. या फरशीला बाहेर टेराझो म्हणतात. संगमरवराची बारीक खडी सिमेंटमध्ये कालवायची, साच्यात दाबून तिच्या फरश्या पाडायच्या किंवा जागेवरच ओतायची, आणि घट्ट झाली की पाणी सोडत दगडाने घासायची. आधी जाड दगड, मग बारीक, मधे पडलेली भोकं सिमेंटने बुजवायची, शेवटी ऑक्झॅलिक पावडरचं पॉलिश. कोणता खडा कुठे बसणार, हे कोणीच ठरवत नाही. घासाई झाली की जे वर येईल ते डिझाइन.

मला करायचं होतं ते मोझॅइक उलट्या वाटेचं. त्यात प्रत्येक तुकडा हाताने निवडून, हवा तिथे, हवा तसा वळवून चिकटवायचा आणि मधल्या फटी ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या बारीक लगद्याने, भरायच्या. पॉम्पेईत सापडलेलं अलेक्झांडरच्या लढाईचं चित्र असंच, एकेक खडा लावून केलेलं आहे. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि कपबश्यांमधून उभ्या केलेल्या आकृतीही याच घराण्यातल्या. आपल्या गच्चीवर उन्हासाठी लावतात ते चायना मोझॅइकही नात्याने इकडचंच. पांढऱ्या टाइलचे तुकडे, फक्त चित्र नाही.

दोन्हींत गोंधळ झाला तर नख फिरवून बघा. फरशीवर ठिपक्यावरून ठिपक्यावर नख सरळ सरकतं. तुकड्यांच्या कामात ते प्रत्येक फटीशी अडकतं.

पण घर सांभाळणाऱ्या बाईसाठी खरा फरक वेळेचा आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. ओतलेलं सिमेंट थांबत नाही. घासाई एकदा सुरू झाली की ती खोली तेवढे दिवस तुमची नसते. तुकड्यांचं काम मात्र कुठेही सोडता येतं. सात तुकडे लागले, कुकरची शिट्टी झाली, उठा. आठवा तुकडा संध्याकाळी लावा, नाही तर परवा. माझं निम्मं वृंदावन मुलीचा अभ्यास घेता घेता झालंय. तुकडे तोडायचं काम मी चष्मा लावून एकटीच करते, ती झोपल्यावर. रंगीत तुकडे मांडून बघायचं काम तिचं.

नक्षी चादरीवरून घेतली. सोलापुरी चादरीतलं फूल उभ्या-आडव्या धाग्यांत विणलेलं असतं, म्हणून त्याची कड पायरीपायरीने चढते. चौकोनी तुकड्यांना ते जसंच्या तसं बसतं. पाकळ्यांच्या मधे सासूबाईंच्या वाढलेल्या बांगड्या लावल्या. काच गोल असते, लांब तुकडा नुसता डुगडुगतो. नखाएवढा केला की बसतो.

एकच टप्पा असा आहे जो तुमच्यासाठी थांबत नाही: ग्राउट. कालवल्यावर अर्ध्या तासाच्या आत ते फटींत दाबून भरायचं, जरा घट्ट झालं की ओल्या स्पंजने वरचा थर पुसायचा. उशीर झाला तर तुकड्यांवर दगड होऊन बसतं. म्हणून हा दिवस राखून ठेवायचा. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि पाण्याच्या दिवशी घरात कोणाचाच हात रिकामा नसतो, तेव्हा तो दिवस तर नकोच. हातात मोजे घाला, सिमेंटने कातडी पोळते.

पहिल्या खेपेला मी एप्रिलच्या दुपारी, पंखा लावून एका पाटीवरच्या मोझॅइकच्या फटी भरल्या होत्या. सकाळी फटींत केसाएवढ्या भेगा, आणि बोट लावलं की भुकटी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी जुळून होतं. सोलापूरच्या उन्हात ते पाणी आधीच उडून जातं. इथे मोझॅइक फरशीचा आणि माझ्या कामाचा नियम एकच: पाणी मारायचं. त्याच पाटीला मी लाकडाचा पांढरा गोंद वापरला होता. तो घरातल्या फोटोफ्रेमला चालतो, पण रोज पाणी पडतं तिथे सुटतो. वृंदावनाला टाइल चिकटवायचं सिमेंटचंच मिश्रण घेतलं.

ते लावून एक दिवस जाऊ दिला, मग संध्याकाळी ऊन कलल्यावर फटी भरल्या आणि वरून ओला टॉवेल पांघरला. पुढचे तीन दिवस सासूबाई तुळशीला पाणी घालून झालं की उरलेला तांब्या त्या टॉवेलवर ओतत होत्या.