लिथियम घेणाऱ्याचा हात थरथरतो: कोणता कंप सोसायचा आणि कोणता दिसताच रुग्णालय गाठायचं

"डॉक्टर, यांचा हात थरथरतोय. गोळी बंद करू का?" लिथियम म्हणजे बायपोलर आजारावरचं, म्हणजे उन्माद (मन बेसुमार चढणं) आणि नैराश्य यांच्या आलटूनपालटून येणाऱ्या आजारावरचं औषध. ते घेणाऱ्या माणसाच्या घरून येणारा हा नेहमीचा फोन. या एवढ्या वाक्यावर मला हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. कारण थरथर दोन प्रकारची असते. एक औषधासोबत येते आणि राहते. तिने जिवाला धोका नसतो. दुसरी शरीरात लिथियम साठून विषबाधा होऊ लागल्याची खूण असते. घरच्यांच्या तोंडी दोन्हींसाठी शब्द एकच, पण पुढे करायचं ते नेमकं उलटं. पहिलीला घाबरून गोळी तोडली तर आजार उलटतो. दुसरीला "ते काय, नेहमीचंच" म्हणून सोडून दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. मला या दोन्ही चुकांची सारखीच भीती वाटते.

आधी साधी थरथर. ती बारीक आणि जलद असते, बहुधा दोन्ही हातांना. हात मांडीवर निवांत ठेवला की दिसत नाही. चहाचा कप उचलला, सुईत दोरा ओवायला घेतला, बँकेत कुणासमोर सही करायची वेळ आली की सुरू होते. चारचौघांत वाढते, एकटं असताना कमी होते. गोळी घेतल्यावर पहिल्या काही तासांत थोडी जास्त जाणवते. औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर ती येते आणि पुष्कळांची काही आठवड्यांत उतरते. काहींची उतरत नाही. पण महिना उलटला तरी ती होती तेवढीच असते, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माणूस बाकी ठीक असतो. जेवतो, सरळ चालतो, स्पष्ट बोलतो, कामाला जातो.

तिचा त्रास खोटा नाही. शिक्षकाला फळ्यावर लिहिता येईना, सोनाराला काम करता येईना, तर "सहन करा" हे उत्तर होऊ शकत नाही. लेव्हल, म्हणजे रक्तातलं लिथियमचं प्रमाण, वरच्या टोकाला असेल तर डोस थोडा कमी करता येतो, सगळा डोस रात्री देता येतो, सावकाश विरघळणारी गोळी देता येते (ती मात्र चुरून खायची नाही). दमा नसेल तर प्रोप्रॅनोलॉलचा छोटा डोस पुष्कळांना उपयोगी पडतो. हे सगळं डॉक्टरांशी बोलून व्हायचं. स्वतःच्या मनाने लिथियम एकदम थांबवलं तर उन्माद काही आठवड्यांतच परतू शकतो आणि आत्महत्येचा धोका वाढतो. ज्या औषधाने तो धोका कमी केलेला असतो, तेच अचानक काढून घेतल्यावर असं होतं.

इथे चहा-कॉफीची एक गोष्ट सांगायलाच हवी. चहाने हात जास्त थरथरतात, हे खरं. म्हणून कुणी तरी सल्ला देतं की उद्यापासून चहा बंद. पण कॅफिनमुळे मूत्रपिंडं लिथियम जास्त बाहेर टाकतात. दिवसाला सहा कप पिणाऱ्याने चहा एकदम सोडला तर रक्तातलं लिथियम वाढतं आणि थरथर कमी व्हायच्या ऐवजी जास्त होते. कमी करायचाच असेल तर हळूहळू करा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता दुसरी थरथर. ही जाडसर आणि मोठी असते, हात नुसता कापत नाही, हेलकावतो. मधूनच गचके बसतात, स्नायू आपोआप फडफडतात. ती हातापुरती राहीलच असं नाही, पाय आणि जबडाही हलतो. आणि ती एकटी येत नाही. उलट्या, पातळ जुलाब, चालताना झोक जाणं, जीभ जड होऊन बोलणं अडखळणं, दिवसा ग्लानी, साध्या प्रश्नाला चुकीचं उत्तर, यांपैकी काही ना काही तिच्यासोबत असतं. पुढे झटके येतात, शुद्ध हरपते. बाहेरच्याला असा माणूस प्यायलेला वाटतो. वयस्कर असेल तर घरच्यांना अर्धांगाचा झटका वाटतो, नाही तर "आता वय झालं" म्हणून विषय संपतो. कधी कधी तर "पुन्हा डिप्रेशन आलंय, नुसते झोपून असतात" असं सांगत आणतात. जुलाबांवर गोळी देऊन घरी पाठवलेल्या आणि दोन दिवसांनी बेशुद्ध होऊन आलेल्या रुग्णांच्या कहाण्या या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण सांगेल.

फोनवर मी घरच्यांना तीन गोष्टी करून बघायला सांगते. फरशीच्या एका रेषेवरून त्यांना पावलापुढे पाऊल टाकत चालायला लावा, बाजूला कुणी तरी उभं राहा. "काळे राळे गोरे राळे" म्हणायला सांगा. कागदावर नाव लिहायला सांगा आणि महिन्याभरापूर्वीच्या सहीशेजारी तो कागद ठेवा. साध्या थरथरीत अक्षर कापरं येतं, पण चाल आणि जीभ ठीक असते. चाल बिघडली किंवा बोलणं जड झालं, तर पुढची गोळी द्यायची नाही आणि त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही. आणि तिन्ही गोष्टी जमल्या, पण थरथर कालपरवापासून अचानक वाढली आहे किंवा उलट्या-जुलाब आहेत, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

वर्षानुवर्षं तोच डोस घेणाऱ्याच्या अंगात लिथियम अचानक का साठतं? लिथियम शरीरातून जवळजवळ सगळं लघवीवाटे जातं आणि मूत्रपिंडं त्याला सोडियमसारखंच वागवतात. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवू लागतात आणि त्यासोबत लिथियमही. १९४९ साली अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरायला विकलं जात होतं. मीठ बंद केलेल्या, आजारी माणसांच्या ताटात ते पडलं. विषबाधा झाल्या, मृत्यू झाले आणि ते बाजारातून काढावं लागलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांवर लिथियमचा गुण दिसल्याचं प्रसिद्ध केलं. पण त्यांचाच पहिला रुग्ण १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने गेला. रक्तातलं प्रमाण मोजून डोस ठरवण्याची पद्धत त्यानंतर रुजली, आणि अमेरिकेत उन्मादासाठी मान्यता मिळायला १९७० साल उजाडलं. दर काही महिन्यांनी रक्त तपासायला सांगतात त्यामागे हे मृत्यू आहेत.

आपल्याकडे पाणी आणि मीठ कमी व्हायला निमित्तं पुष्कळ. अकोला-चंद्रपूरचा मे महिना, भर उन्हातलं शेतातलं काम, पावसाळ्यातले जुलाब. आषाढीची पायी वारी, निर्जळी एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे. यातलं काहीही करू नका असं मी सरसकट म्हणत नाही. लिथियम चालू असताना निर्जळी मात्र करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. बाकीचं आधी डॉक्टरांना सांगून, पाणी आणि डोस यांचा विचार करून ठरवता येतं. जुलाब-उलट्या लागल्या तर त्यांची दुहेरी पंचाईत असते: त्यांनी पाणी कमी होऊन लेव्हल वाढते, आणि लेव्हल वाढली की जुलाब-उलट्या वाढतात. म्हणून अशा दिवशी ओआरएस सुरू करायचं आणि लिथियम पुढे द्यायचं की थांबवायचं हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं.

तितकंच मोठं कारण म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांनी किंवा मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या. गुडघेदुखीसाठी सहज मिळणारं आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक लिथियम वाढवतं. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं. बीपीच्या गोळ्यांमध्ये एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन ही लेव्हल वाढवतात. त्याहून जास्त सांभाळायची ती लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि क्लोरथॅलिडोन. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' जोडलेला असला तर बहुतेक वेळा तो हायड्रोक्लोरोथायाझाइडचाच असतो. बीपीच्या डॉक्टरांची यात चूक असतेच असं नाही. लिथियम चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मानसिक आजाराचं औषध लपवायची आपल्याकडची सवय इथे जिवावर बेतते. लिथियमची गोळी बीपीच्या केसपेपरवर लिहिलेली असलीच पाहिजे.

लेव्हलच्या आकड्याबद्दल मात्र सावध राहा. आजार आटोक्यात आल्यानंतरच्या देखभालीच्या काळात ती साधारण ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) ठेवतात, उन्मादाच्या उपचारात १.० च्या आसपास. १.५ च्या वर विषबाधेची चिन्हं दिसू लागतात, २.० च्या पुढे प्रकरण गंभीर. पण वयस्कर माणसात किंवा बरीच वर्षं लिथियम घेणाऱ्यात आकडा ठीक दिसत असतानाही विषबाधा होऊ शकते, कारण त्रास मेंदूतल्या लिथियमने होतो आणि आपण मोजतो रक्तातलं. उलटही घडतं. सकाळची गोळी घेऊन तासाभरात रक्त दिलं तर आकडा उगाच जास्त येतो. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं: रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती नंतर. एक चूक लॅबमध्येही होते. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांमध्ये लिथियम हेपॅरिन असतं. त्यात रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं. माणूस ठणठणीत आणि रिपोर्ट भयंकर असेल, तर नळी कोणती होती ते विचारा. बऱ्याच ठिकाणी नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो. माणूस भेलकांडत असेल तर त्या रिपोर्टसाठी घरी थांबू नका.

डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी लेव्हल बघायची, स्थिर झाल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियमही सहा महिन्यांनी. प्रत्येक भेटीत सहीचा कागद जपून ठेवलात तर तुलना सोपी जाते.

लिथियमवर असलेल्या पुष्कळांना तहान फार लागते आणि लघवीला सारखं जावं लागतं. रात्री उठावं लागतं म्हणून घरचे पाणी तोडतात. तसं करू नका. त्यांची मूत्रपिंडं पाणी राखू शकत नसतात म्हणून ते पीत असतात. पाणी तोडलं की ज्या विषबाधेला आपण घाबरतो तीच ओढवते.

रुग्णालयात गेल्यावर पहिलं वाक्य "लिथियम चालू आहे" हेच असू द्या आणि गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या, दुखण्याची आणि बीपीचीसुद्धा. किती वाजता शेवटची गोळी घेतली ते सांगा. एकदम जास्त गोळ्या घेतल्याची शंका असेल तर तीही न लाजता सांगा, उपचार त्यावर बदलतात. (मनात मरणाचे विचार येत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.) तिथे सलाईन देऊन सोडियम आणि मूत्रपिंडांवर लक्ष ठेवतात, गरज पडली तर डायलिसिस करतात. लिथियम डायलिसिसने चांगलं निघतं, पण पेशींतलं लिथियम नंतर पुन्हा रक्तात उतरतं, त्यामुळे काही तासांनी लेव्हल परत वाढू शकते. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून घरी न्यायची घाई करू नका. काही रुग्णांत लिथियम पूर्ण निघून गेल्यावरही चालण्यातला झोक आणि बोलण्यातला जडपणा राहून जातो. दोन महिने उलटूनही तो राहिला तर लहान मेंदूला कायमची इजा झालेली असू शकते. लिथियम पुन्हा द्यायचं की नाही, हा निर्णय मूत्रपिंडं सावरल्यावर आणि विषबाधेचं कारण सापडल्यावरच घ्यायचा. ते कारण म्हणजे दुखण्याची गोळी निघाली, तर बहुतेकांना लिथियम पुन्हा घेता येतं, कमी डोसने आणि जवळच्या तारखांना रक्त तपासत.