ब्रेक काढलेल्या टी-पेशी आणि हृदय

'इम्युनोथेरपी म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती, तिचे कसले साइड इफेक्ट?' केमोथेरपीचे हाल पाहिलेल्या घरांत हे वाक्य हमखास कानावर पडतं. 'इम्युनिटी बूस्टर' विकणाऱ्यांनी तर प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, असं आपल्या मनावर पार बिंबवलंय. तसं ते नाही.

टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्लेखोर पेशी. त्यांच्यावर पीडी-१ आणि सीटीएलए-४ नावाचे ब्रेक असतात. कर्करोगाच्या पेशी यातला पीडी-१ दाबून धरतात आणि हल्ला टाळतात. निव्होलुमॅब, इपिलिमुमॅबसारखी इम्युनोथेरपीची औषधं हे ब्रेक निकामी करतात. या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण ब्रेक उगाच नव्हते. २००१ मध्ये होंजोंच्याच प्रयोगशाळेत पीडी-१ चं जनुक काढलेल्या एका जातीच्या उंदरांची हृदयं फुगून निकामी झाली होती.

हृदयच का? इथे खरी गंमत आहे. टी-पेशी थायमस ग्रंथीत तयार होतात. तिथे त्यांना शरीरातल्या प्रथिनांचे नमुने दाखवले जातात. जी पेशी त्यांवर धावून जाते, ती बहुधा तिथेच मारली जाते. मात्र हृदयाच्या स्नायूतलं अल्फा-मायोसिन थायमसमध्ये जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे त्याच्यावर टपलेल्या काही टी-पेशी परीक्षेतून सुटतात आणि अगदी निरोगी माणसाच्याही रक्तात फिरत राहतात. एरवी त्यांना ब्रेक आवरून धरतात. २०२२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हृदयावर तुटून पडलेल्या सीडी-८ (म्हणजे इतर पेशींना थेट मारणाऱ्या) टी-पेशींचं लक्ष्य हेच प्रथिन निघालं. ही औषधं घेऊन हृदयाला असाच त्रास झालेल्या रुग्णांच्या रक्तातही त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या.

हृदयस्नायूचा हा दाह, म्हणजे मायोकार्डायटिस, ही औषधं घेणाऱ्या शंभरात जेमतेम एखाद्याला होतो. पण झाला तर पाव ते निम्मे रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. बहुतेकांना तो पहिल्या तीन महिन्यांत होतो आणि दोन औषधं एकत्र दिली की धोका वाढतो. धाप, धडधड, चक्कर ही लक्षणं ओळखीची. पण पापणी लोंबणं किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणं हीही खूण असू शकते, कारण इतर स्नायूही सोबत सापडतात. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नये, ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) आणि ईसीजी पाहावेच लागतात.

उपचार म्हणजे औषध थांबवून शिरेतून स्टेरॉइडचा मोठा डोस. त्यानं भागलं नाही, तर काही डॉक्टर ॲबाटासेप्ट वापरतात. ते बनवलंय सीटीएलए-४ च्याच तुकड्यापासून!