अपडाऊनची जीप, शिक्षण परिषद आणि बोलायला माणूस

शिक्षकाचं नोकरीत मन रमतं का हा विषय निघाला की बोलणं लगेच पगार, पेन्शन, बदली आणि अशैक्षणिक कामांवर जातं. त्यात चूक काही नाही, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू झाली नाही, ते दुखणं खरंच मोठं आहे. पण शाळेत रोज बोलायला कोण आहे हे सहसा कुणी विचारत नाही, आणि निदान जिल्हा परिषदेच्या शाळांपुरतं तरी मला ते पगाराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

कामावरच्या अशा कागदावर नसलेल्या नात्यांचा अभ्यास सुरू झाला तो कारखान्यात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली १४ कामगारांची एक खोली काही महिने नुसती बघितली, तेव्हा दिसलं की जास्त काम केलं तर जास्त पैसे मिळत असूनही दिवसाला किती काम करायचं ते त्या लोकांनी आपसात ठरवून घेतलेलं. शाळेचं मात्र वेगळं. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये शाळेला अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली, जो तो आपल्या खोलीत, शेजारच्या वर्गात काय चाललंय याचा पत्ता नाही.

आपल्याकडे तर शेजारी वर्गच नसायचा. एक शाळा, एक गुरुजी, चार इयत्ता. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे नेमकं ओळखलं होतं, त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. एक हायस्कूल आणि आसपासच्या प्राथमिक शाळा मिळून शाळा समूह करा, प्रत्येक शाळा एकटी पडलीय ते थांबवा, असं आयोगाने सुचवलं. मग १९८७ ला केंद्र सरकारची खडू-फळा मोहीम आली, एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक द्यायचा, जमलं तर बाई, असं त्यात होतं. नव्वदच्या दशकात आसपासच्या शाळांची मिळून एक केंद्रशाळा, त्यांच्यावर केंद्रप्रमुख आणि शिक्षकांची महिन्याची बैठक म्हणजे शिक्षण परिषद सुरू झाली. हेतू प्रशिक्षणाचा, पण शिक्षकांना त्यातून जे मिळालं ते जेवणाच्या सुट्टीत, डबे एकत्र उघडल्यावर मिळालं.

मी शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षं पगाराऐवजी मानधनावर, लागलो तेव्हा प्राथमिकला मानधन महिना ३००० रुपये, आणि शाळा डोंगरातल्या वाडीवर. पहिल्या पावसाळ्यात संध्याकाळी सहानंतर बोलायला कोणी नाही, रेंज नाही, आणि वर्गात एक पोरगं अक्षरं उलटी काढायचं त्याचं काय करायचं ते समजेना, नोकरी सोडून द्यावी असं खरंच वाटलेलं. पुढे खालच्या गावात खोली घेऊन वडापने, म्हणजे शेअर जीपने, अपडाऊन सुरू केलं तिथे चौघं भेटले. त्यातले एक वयाने मोठे गुरुजी, त्यांना पोराचं सांगितलं तर म्हणाले, "वही बाजूला ठेवा, आधी मातीत बोटाने गिरवून घ्या, घाई करू नका." मानधन लांबलं की उसने पैसे त्यांच्याकडूनच, आणि मध्यान्ह भोजनाचं रजिस्टर कसं ठेवायचं तेही मी जीपमध्येच शिकलो, ट्रेनिंगमध्ये नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवू नये. जिथे गट पडतात, अमक्या संघटनेचा तमक्या संघटनेचा, तिथे नवीन आलेली मॅडम दोन्हीकडून बाहेर पडते आणि एकशिक्षकी शाळेपेक्षा जास्त एकटी होते.

२०१५ च्या आसपास सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आले, ग्रुप निघाले, वाडीवरच्या शिक्षकालाही दुसऱ्या जिल्ह्यातला कुणी शब्दकार्डं कशी करतो ते दिसायला लागलं, हे फार मोठं होतं. पण बघता बघता त्याच फोनवर ऑफिसचे ग्रुप आले, रात्री दहाला "उद्या ११ पर्यंत माहिती सादर करा" असे मेसेज सुरू झाले, आणि मोकळं बोलायची जी जागा होती ती हजेरीची होऊन बसली. मग २७ फेब्रुवारी २०१७ चा बदली जीआर आणि २०१८ च्या ऑनलाइन बदल्या. दुर्गम भागात वर्षानुवर्षं अडकलेल्यांना न्याय मिळाला, पती-पत्नी जवळ आले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोण कुणाच्या आधाराने टिकलंय याचा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हता.

मोठे गुरुजी सोडून जीपमधल्या आम्हा चौघांच्या शाळा आता चार तालुक्यांत आहेत. गुरुजी रिटायर झाले. परवा वर्गात तसंच एक पोरगं आलं, अक्षरं उलटी काढणारं, तेव्हा शाळा सुटल्यावर मी आधी त्यांनाच फोन लावला.